हार्डटॅक, जुलाब आणि तीन सेंटांचं तिकीट : अमेरिकी यादवीतल्या सैनिकाचं पत्र कसं वाचायचं

१४ एप्रिल १८६४ रोजी लुइझियाना राज्यातल्या ग्रँड एकोर इथल्या नदीकाठच्या तळावरून एका सैनिकानं घरी पत्र लिहिलं. पाचच दिवसांपूर्वी प्लेझंट हिलची लढाई झाली होती. पत्रात तिला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत : सुमारे चार तास गोळीबारात काढले, मग रात्रभर रणांगणावरच पडून राहणं झालं. या सैनिकाचं हे शेवटचं उपलब्ध पत्र. लष्कराच्या हजेरीपटावर नाव होतं लायन्स वेकमन, १५३वी न्यूयॉर्क पायदळ रेजिमेंट. घरी पाठवलेल्या अनेक पत्रांखाली मात्र सही आहे रोझेटा वेकमन.

सारा रोझेटा वेकमन. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी कुटुंबातली, नऊ भावंडांतली थोरली. पुरुषाचा वेश करून ती सैन्यात भरती झाली होती. इंग्रजीत ‘आय वॉज’ म्हटलं की बाई की बुवा ते कळत नाही. तिनं मराठीत लिहिलं असतं तर ‘होते’ की ‘होतो’ इथेच पंचाईत झाली असती.

या लेखात तिची पत्रं वाटाड्यासारखी सोबत असतील. मुद्दा मात्र एकटीचा नाही. अमेरिकी यादवीतल्या सैनिकांची पत्रं ग्रंथालयांत, सरकारी दप्तरखान्यांत आणि घराघरांतल्या माळ्यांवर आजही सापडतात, आणि त्यांतली बरीच आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. ती वाचताना नवखा माणूस लढाई शोधत बसतो. लढाई त्यांत फारशी नसते, आणि असते तीही बऱ्याचदा चुकीची असते. पैसा, पोट, पाऊस, जोडे आणि जुलाब या बाबतीत मात्र ही पत्रं अत्यंत भरवशाची आहेत. या एका फरकाकडे लक्ष ठेवलं की निम्मं काम झालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेतली अकरा राज्यं फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ अशी चार वर्षं उत्तर विरुद्ध दक्षिण हे युद्ध चाललं. मृतांचा जुना, रूढ आकडा सुमारे ६ लाख २० हजार. २०११ मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून केलेला एक अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातो. आपल्याकडे या युद्धाची आठवण वेगळ्याच कारणानं आहे. दक्षिणेतला कापूस नाकेबंदीमुळे अडकला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. त्या सट्ट्याचा नायक प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतला.

आता पत्राकडे. सुरुवात मजकुरापासून करू नका, पाकिटापासून करा.

उत्तरेकडे अर्ध्या औंसापर्यंतच्या साध्या पत्राला तीन सेंट पडत. पाकिटावर ऑगस्ट १८६१ नंतरचं गुलाबी छटेचं वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचं तिकीट दिसलं तर वर्षाचं एक टोक आपोआप मिळतं, कारण त्या महिन्यात सरकारनं जुनी तिकिटं रद्द करून नवी काढली. हेतू सरळ होता : दक्षिणेतल्या टपाल कचेऱ्यांत पडून असलेल्या जुन्या तिकिटांचा शत्रूला पैशासारखा उपयोग होऊ नये. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण त्या काळच्या शिक्क्यांवर दिवस आणि महिना असतो, वर्ष पुष्कळदा नसतंच.

तिकीट नसेल तर पाकिटाच्या कोपऱ्यात ‘सोल्जर्स लेटर’ असं लिहिलेलं आहे का ते पाहा. जुलै १८६१ च्या कायद्यानं सैनिकाला तिकिटाविना पत्र टाकायची मुभा दिली. पाकिटावर रेजिमेंटच्या अधिकाऱ्याची सही हवी आणि तीन सेंट पत्र घेणाऱ्यानं द्यायचे. छावणीत तिकिटं मिळत नसत आणि मिळाली तरी घामानं एकमेकांना चिकटत. १८६२ च्या उन्हाळ्यात तर वेगळीच अडचण आली. लोकांनी सोन्याचांदीची नाणी दडवून ठेवली, सुटे पैसे बाजारातून गायब झाले आणि तिकिटंच मोड म्हणून फिरू लागली. शेवटी सरकारला ५, १०, २५ आणि ५० सेंटांच्या कागदी नोटा काढाव्या लागल्या, त्यांवर तिकिटांचीच चित्रं छापून. त्यामुळे ‘पत्रात थोडी तिकिटं घालून पाठवा’ अशी विनंती दिसली तर ती नेहमी पत्र टाकण्यासाठीच असेल असं धरू नका. तंबाखू घ्यायलाही ती चालत.

दक्षिणेचं टपाल १ जून १८६१ पासून वेगळं झालं. ५०० मैलांच्या आत पाच सेंट, पुढे दहा. १ जुलै १८६२ पासून सरसकट दहा. तिथली पाकिटं पाहिली की नाकेबंदी डोळ्यांना दिसते. आलेलं पाकीट उलगडून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवलेलं. भिंतीला लावायच्या फुलाफुलांच्या कागदाचं पाकीट. जमाखर्चाच्या वहीचं पान. हौसेनं केलेली ही कलाकुसर नव्हे. कागदच नव्हता.

पत्त्यात गाव नसतं. सैन्य हलतं, म्हणून पूर्वेकडच्या सैनिकाचा पत्ता म्हणजे नाव, कंपनीचं अक्षर, रेजिमेंटचा आकडा आणि ‘वॉशिंग्टन’. पुढची वाटणी लष्कर करी. रेजिमेंटचं टपाल सांभाळायचं काम पुष्कळदा पाद्र्याकडे असे. एका रेजिमेंटमध्ये दहा कंपन्या, कागदोपत्री सुमारे हजार माणसं. अक्षरं ए पासून के पर्यंत, पण मधलं ‘जे’ नाही, कारण हस्ताक्षरात ते ‘आय’ सारखं दिसे. तुमच्या पत्रात ‘कंपनी जे’ वाचलं गेलं तर तुमचं वाचन चुकलंय, ते ‘आय’ आहे. नवख्यांची ही हमखास चूक.

मग तारीख. वर पूर्ण तारीख असली तरी जानेवारीतल्या पत्रांवर विश्वास ठेवू नका. सवयीनं मागच्याच वर्षाचा आकडा पडलेला असतो. मजकुरात ‘१० इन्स्ट.’ असेल तर चालू महिन्याची १० तारीख, ‘१० अल्ट.’ असेल तर मागच्या महिन्याची. हा फरक सुटला की अख्ख्या पत्रमालेचा क्रम महिन्यानं सरकतो.

अक्षर लावायचं एक तंत्र आहे. जोड ‘एस’ मधला पहिला लांब काढायची पद्धत तेव्हा हस्ताक्षरात टिकून होती, त्यामुळे ‘मिस’ हा शब्द ‘मिफ्स’ सारखा दिसतो आणि मिसिसिपीचा तर पार विचका होतो. विरामचिन्हं नसतात, वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. मोडी कागद हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही; तिथे तर शब्दही तोडलेले नसतात. उपाय एकच : मोठ्यानं वाचा. या मुलांनी कानाला ऐकू येईल तसं लिहिलंय. डोळ्यांना निरर्थक दिसणारा शब्द जिभेवर आला की चटकन कळतो, आणि लिहिणाऱ्याच्या गावची बोलीही ऐकू येते. कागद वाचवण्यासाठी लिहिलेलं पान काटकोनात फिरवून त्यावरच आडवं लिहिलेलं असेल तर पान डोळ्यांच्या पातळीवर तिरपं धरा. एका दिशेच्या ओळी मावळतात, दुसऱ्या दिशेच्या उठून दिसतात.

पहिलं वाक्य बहुतेक पत्रांत सारखंच. ‘मी ठीक आहे हे कळवण्यासाठी लेखणी हाती घेतो, आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हालाही तेच सुख असो.’ आपल्या जुन्या पत्रांतलं ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे, विशेष’ तेच काम करतं. अशा साच्यातून भावना काढायच्या नसतात. खरं पत्र ‘विशेष’ नंतर सुरू होतं. पण साचा मोडलेला असेल, ‘मी ठीक आहे’ च्या जागी ‘मी बऱ्यापैकी आहे’ असं काही आलं असेल, तर थांबा. माणूस आजारी आहे आणि आईपासून लपवतोय.

ही पत्रं इतकी मोकळी का, याची दोन कारणं. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांत नव्वद टक्क्यांहून जास्त आणि दक्षिणेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त साक्षर होते. त्याआधीच्या कुठल्याही मोठ्या सैन्यात हे प्रमाण नव्हतं. दुसरं, सैनिकांच्या पत्रांवर नियमित सेन्सॉर नव्हता. विसाव्या शतकातल्या महायुद्धांत अधिकारी पत्रं वाचून ओळी काळ्या करत, तसं इथे नाही. सैनिक सेनापतीला मूर्ख म्हणतो, तळ कुठे आहे ते सांगतो, पळून गेलेल्यांची नावं देतो. अपवाद युद्धकैद्यांचा. दोन्ही बाजूंच्या सीमेवर पांढऱ्या निशाणाखाली टपालाची अदलाबदल व्हायची, बरीचशी व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोमार्गे. पत्र एका पानाचं, पाकीट उघडं, मजकूर फक्त घरगुती, आणि टपालखर्च दोन्हीकडचा भरावा लागे. कैदेतलं पत्र गुळमुळीत वाटलं तर दोष लिहिणाऱ्याचा नसतो.

पैसा. उत्तरेच्या शिपायाचा पगार ऑगस्ट १८६१ पासून महिना १३ डॉलर, जून १८६४ च्या कायद्यानं १६. दर दोन महिन्यांनी मिळायचा असा नियम, प्रत्यक्षात चार-सहा महिनेही रखडे. म्हणून ‘पेमास्टर (पगार वाटणारा अधिकारी) अजून आला नाही’ हे वाक्य लढायांहून जास्त वेळा भेटतं. दक्षिणेचा शिपाई ११ डॉलरवर, जून १८६४ पासून १८ वर. पण त्यांची नोट इतकी उतरली होती की वाढीला अर्थ उरला नव्हता.

रोझेटाचा हिशेब या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १८६२ मध्ये घर सोडून ती पुरुषवेशात कालव्यातल्या कोळशाच्या नावेवर लागली. बिंगहॅम्टन ते युटिका अशा चार फेऱ्यांचे २० डॉलर ठरले होते. वाटेत १५३व्या रेजिमेंटची माणसं भेटली आणि ३० ऑगस्ट १८६२ ला तिनं नाव नोंदवलं. वय १९, सांगितलं २१. भरतीची बक्षिसी १५२ डॉलर. चार फेऱ्यांचे वीस मोजणाऱ्या मुलीच्या हातात एकदम दीडशे. देशप्रेम होतं की नव्हतं याचा काथ्याकूट करण्याआधी हे दोन आकडे शेजारी मांडावेत. घर कर्जात होतं. पैसे पाठवताना ती बजावते की हे कुटुंबाच्या कपड्यालत्त्याला आणि खाण्याला खर्चा. आणखी एके ठिकाणी लिहिते की मी बर्फावरच्या डुकराइतकी स्वतंत्र आहे. आपल्याला विचित्र वाटतं, पण तिकडच्या शेतकऱ्यांत ही रूढ म्हण होती. कधी स्वतःची शेती झालीच तर ती विस्कॉन्सिनच्या माळरानावर असेल, हेही पत्रात आहे.

भरतीच्या वेळी ती पकडली कशी गेली नाही? वैद्यकीय तपासणी नावाला असे. बोटं शाबूत आहेत ना आणि समोरचे दात आहेत ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. कागदी काडतूस दातानं फाडावं लागे म्हणून दात. ओळखपत्र कुणाकडेच नव्हतं. दाढी न फुटलेली पोरं शेकड्यांनी होती, कपडे ढगळ, आणि माणसं अंगातल्या कपड्यांनिशीच झोपत. रोझेटासारख्या शेकडो बायका दोन्ही सैन्यांत होत्या असा अंदाज आहे. पत्रं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचीच हाती लागतात.

घरी पैसे पाठवायचे कसे, हा मोठा प्रश्न. पाकिटात नोट घातली तर वाटेत गायब व्हायची भीती. म्हणून ॲडम्स एक्स्प्रेससारख्या खासगी कंपनीमार्फत पाठवत. टपालाची मनीऑर्डर सुरू झाली ती १ नोव्हेंबर १८६४ ला, मुख्यतः या सैनिकांसाठीच. युद्ध संपायला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते.

काळ्या सैनिकांची पत्रं या बाबतीत वेगळी वाचायला हवीत. उत्तरेच्या लष्करात सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक होते. त्यांना महिना १० डॉलर, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून हातात ७. गोऱ्या शिपायाला १३ आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटच्या जेम्स हेन्री गुडिंगनं २८ सप्टेंबर १८६३ ला थेट अध्यक्ष लिंकनला पत्र लिहून विचारलं की आम्ही सैनिक आहोत की मजूर? त्याच्या रेजिमेंटनं कमी पगार घ्यायलाच नकार दिला होता. जून १८६४ मध्ये संसदेनं पगार समान केला. गुडिंग तेव्हा दक्षिणेच्या अँडरसनव्हिल तुरुंगात होता. १९ जुलैला तिथेच वारला. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता, त्यामुळे गुलामीतून आलेल्या सैनिकांची कित्येक पत्रं दुसऱ्याच्या हातानं लिहिलेली आहेत. अक्षर सुबक म्हणून लिहिणारा शिकलेला, असा निष्कर्ष इथे फसतो. सही आणि मजकुराचं अक्षर ताडून पाहा.

आता पोट, म्हणजे पत्रांतला सगळ्यात समृद्ध भाग.

मुख्य अन्न हार्डटॅक : मैदा आणि पाण्याची, साधारण तीन इंच चौरस आणि अर्धा इंच जाड कडक बिस्किटं. दिवसाला नऊ-दहा. मुठीनं फुटत नसत. बंदुकीच्या दस्त्यानं फोडायची, नाहीतर कॉफीत बुडवायची. बुडवली की आतले पोरकिडे वर तरंगत, ते काढून टाकायचे आणि प्यायचं. थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळली की तिला ‘स्किलीगली’ म्हणत. सोबत खारवलेलं डुकराचं मांस, घेवड्याचं वाळलेलं बी, साखर. कॉफी शंभर शिध्यांमागे दहा पौंड कच्ची किंवा आठ पौंड भाजलेली. कच्च्या बिया मिळाल्या की शिपाई त्या तव्यावर भाजत आणि डब्यात घालून बंदुकीच्या दस्त्यानं कुटत. दक्षिणेकडे कॉफी नाकेबंदीत अडकली, म्हणून भाजलेला मका, रताळी, ओकची फळं उकळून भागवत. दोन सैन्यांची ठाणी समोरासमोर असताना पहारेकरी गुपचूप कॉफी देऊन तंबाखू घेत, तेही पत्रांत सापडतं.

भाजी-फळं मात्र जवळपास नाहीत. घरून मागवलेल्या वस्तूंची यादी म्हणूनच लक्ष देऊन वाचावी : लोणचं, कांदे, वाळवलेली सफरचंदं, लोणी. हे जिभेचे चोचले नव्हेत. खारट मांसावर महिनोन्‌महिने राहिलेलं शरीर मागतंय.

इथून गाडी जुलाबांवर येते, आणि ती टाळता येत नाही. उत्तरेचे सुमारे ३ लाख ६० हजार सैनिक मेले. त्यांतले लढाईत किंवा जखमांनी सुमारे १ लाख १० हजार, रोगांनी त्याच्या दुपटीहून अधिक. सगळ्यांत मोठा मारेकरी हगवण आणि जुनाट अतिसार. कारण उघड आहे. शौचाचे चर पाण्याच्या वरच्या अंगाला खणलेले, रात्री चरापर्यंतही कोण जातो, माशा आणि अर्धकच्चं मांस. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे डॉक्टर दुर्गंधीला दोष देत. औषध म्हणून अफूच्या गोळ्या आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. कॅलोमेलनं हिरड्या सडत, दात पडत. मे १८६३ मध्ये लष्कराचे वैद्यकप्रमुख विल्यम हॅमंड यांनी ते औषधांच्या यादीतून काढलं, तर लष्करी डॉक्टरांनीच त्यांच्याविरुद्ध बंड पुकारलं.

युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यातली पत्रं गोवराच्या उल्लेखांनी भरलेली असतात. शहरात वाढलेल्या पोरांना तो लहानपणीच होऊन गेलेला. दूरच्या शेतांवरून आलेले धट्टेकट्टे तरुण मात्र छावणीत पहिल्यांदाच दाटीवाटीत आले आणि पटापटा आडवे झाले. म्हणजे ताकदवान पोरं आधी गेली. कित्येक बापांना हे पत्र वाचून पटलं नसेल.

पत्रांत रोगांची नावं सरळ येत नाहीत. ‘क्विकस्टेप’, म्हणजे झपझप चाल, हा हगवणीला मस्करीतला शब्द. ‘ग्रेबॅक’ म्हणजे उवा. ‘हत्ती पाहिला’ म्हणजे पहिली लढाई अनुभवली. इथे सर्कशीतला हत्ती शोधत बसू नये.

लढाईच्या वर्णनाचं काय? शिपायाला धुरापलीकडे पन्नास पावलंही दिसत नसत. शत्रू किती, मेले किती, हरलं कोण, हे तो शेकोटीभोवतीच्या गप्पांतून किंवा चार दिवस जुन्या वर्तमानपत्रातून उचलतो. म्हणून आकडे सोडून द्या, पण ‘माझ्या डावीकडचा अमुक पडला’, ‘काडतुसं संपली’, ‘कुंपणाच्या दांड्यांआड झोपलो’ अशी वाक्यं जपा. रोझेटाची रेजिमेंट जुलै १८६३ पासून काही महिने वॉशिंग्टनमध्ये होती, कॅरल तुरुंगावर पहारा द्यायला. तिथे कैदेत असलेल्या तीन बायकांबद्दल ती लिहिते. त्यांतली एक म्हणे सैन्यात मेजर होती, घोड्यावर बसून हुकूम देत होती. मेजरपदाची गोष्ट ऐकीव असणार. पण ही बातमी कोण लिहितंय आणि त्याच तुरुंगाच्या पहाऱ्यावर कुठला वेश घालून उभं आहे, हे ध्यानात घेतलं की ऐकीव गोष्टीलाही वजन येतं.

सांत्वनपत्रांशी तर फारच जपून. मित्र मेला की तंबूतला सोबती त्याच्या आईला लिहितो : मरण झटकन आलं, फार त्रास झाला नाही, शेवटी देवाचं आणि तुमचं नाव होतं, चेहरा शांत होता. पोटात गोळी लागलेला माणूस असा मरत नाही. मरणाला आप्त जवळ असावेत, शेवटचा शब्द कानी पडावा ही त्या समाजाची धारणा होती, आणि पत्र ती उणीव भरून काढतं. अशा पत्रातला खात्रीचा भाग शेवटी असतो : घड्याळ, चाकू, इतके डॉलर, आणि कुठल्या झाडाखाली पुरलं.

सगळ्यांत गाजलेलं पत्र मेजर सलिव्हन बॅलूचं. १४ जुलै १८६१ चं, बायकोला लिहिलेलं. आठवड्यानं तो बुल रनच्या लढाईत जखमी झाला आणि त्यातच गेला. पत्र सुंदर आहे, पण नमुना म्हणून ते धरू नये. बॅलू वकील होता, ऱ्होड आयलंडच्या विधानसभेचा सभापती राहिलेला वक्ता होता. शिवाय मूळ पत्र उपलब्ध नाही. हातानं केलेल्या नकला आहेत आणि त्या एकमेकींशी शब्दशः जुळत नाहीत. तुमच्यापुढे आलेलं कुठलंही पत्र मूळ आहे, नक्कल आहे की नातवंडांनी टंकलेली प्रत आहे, हे आधी विचारा. नकला करताना घरची मंडळी शुद्धलेखन सुधारतात, आणि उवा व शिव्या गाळतात.

आणखी एक लंगडेपणा ध्यानात ठेवावा. सैनिकाची पत्रं घरी पोचली आणि टिकली. घरची पत्रं सैनिकाच्या पिशवीत राहिली. ओझं कमी करायला, किंवा शत्रूच्या हाती लागून चेष्टा होऊ नये म्हणून, कूच करण्याआधी ती शेकोटीत गेली. त्यामुळे आपल्याला टेलिफोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. ‘तू गायीबद्दल विचारलंस’ अशा वाक्यांवरून दुसरी बाजू उभी करावी लागते. रोझेटाच्या पहिल्या पत्रात जुनी भांडणं विसरू या असं आहे. भांडण कशाचं, ते घरच्यांच्या पत्रात असणार, आणि ती पत्रं नाहीत.

नाव आणि रेजिमेंट हाती लागली की पुढची पायरी सोपी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर दोन्ही सैन्यांतल्या सैनिकांची नावं विनामूल्य शोधता येतात. तिथे रेजिमेंटचा इतिहासही आहे. मग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली सेवापत्रिका : भरती, हजेरी, आजारपण, मृत्यू. पत्रातल्या तारखा दोनमाही हजेरीपटाशी ताडा. आणि पेन्शनची फाईल चुकवू नका. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळत. बायको-मुलं नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला. आपण मुलावर अवलंबून होतो हे आईनं सिद्ध कसं करायचं? मुलाची पत्रं जोडून, ज्यांत तो ‘यासोबत दहा डॉलर’ म्हणतो. पुराव्यादाखल दिलेली ती पत्रं परत गेलीच नाहीत. कित्येक घरांनी गमावलेली पत्रं सरकारी फाईलमध्ये दीडशे वर्षं सुरक्षित राहिली आहेत.

मूळ कागद हातात आलाच तर शाई बहुधा लोह आणि मायफळाची, म्हणजे ओकच्या गाठींतलं टॅनिन आणि हिराकस. लिहिताना फिकी, मग काळी, आता तपकिरी. तिच्यातलं आम्ल कागद खातं. जाड रेघांच्या जागी भोकं पडतात. म्हणून घडीवर जोर देऊ नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नाही. जुन्या टाचण्या गंज धरतात, त्या काढा. पॉलिस्टर फिल्मच्या पाकिटात आम्लविरहित कागदाच्या आधारानं, उन्हापासून दूर ठेवा. फोटो एकदाच पण नीट काढा, पाकिटाच्या दोन्ही बाजूंसकट. पुसट पेन्सिलसाठी दिवा बाजूनं, कागदाला जवळजवळ समांतर धरा.

३ मे १८६४ ला रोझेटा रेजिमेंटच्या इस्पितळात दाखल झाली. रोग, जुनाट अतिसार. तिथून तिला न्यू ऑर्लिन्सला हलवलं, २२ मे रोजी ती पोचली आणि १९ जूनला वारली. आजारपणाच्या त्या आठवड्यांत ती बाई असल्याची नोंद कुणी केलेली सापडत नाही. न्यू ऑर्लिन्सजवळच्या शालमेट राष्ट्रीय दफनभूमीत ४०६६ क्रमांकाच्या दगडावर लायन्स वेकमन, न्यूयॉर्क एवढंच कोरलंय. पत्रं घरच्यांनी जपून ठेवली, आणि छापून आली ती १९९४ मध्ये.